रूळ संपल्यानंतरचे दोन किलोमीटर

समुद्रपर्यटनासाठी बांधलेल्या, राहण्याजेवण्यापासून करमणुकीपर्यंतच्या सर्व सोयी पोटात घेऊन फिरणाऱ्या प्रवासी जहाजाला मराठीतही आता ‘क्रूझ’ म्हणण्याची रीत पडली असून, अशा जहाजाच्या धक्क्यापर्यंत सामानसुमानासह रेल्वेने पोहोचणे ही वरवर पाहता किरकोळ वाटणारी बाब प्रत्यक्षात दोन वेगळ्या वाहनव्यवस्थांच्या सांध्याचा प्रश्न असतो. गाडीतला प्रवास बहुधा सुखाचा होतो आणि जहाजावरचा त्याहूनही सुखाचा होतो. जो काही त्रास होतो तो गाडीतून उतरल्यापासून जहाजाच्या शिडीपर्यंतच्या टप्प्यात, आणि तो टप्पा कित्येकदा दोन किलोमीटरांचाही नसतो. त्या टप्प्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला शंभर वर्षांपूर्वी एक उत्तर होते आणि आज दुसरे आहे. या दोन्ही उत्तरांची तुलना करण्यास मुंबईचा बॅलार्ड पिअर हा धक्का फार सोयीचा आहे, कारण दोन्ही काळांतील प्रवासी तिथूनच बोटीत चढले आणि आजही चढतात.

जुन्या उत्तराचे नाव ‘बोट ट्रेन’ असे होते. बोटीच्या सुटण्याच्या किंवा लागण्याच्या वेळेशी जिचे वेळापत्रक बांधलेले आहे आणि जी शहरातल्या स्थानकावर न थांबता थेट धक्क्यावर जाऊन उभी राहते, अशा गाडीला हे नाव असे. इंग्लंडमध्ये लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून साउदॅम्प्टनच्या गोदीपर्यंत अशा गाड्या धावत, आणि एप्रिल १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’चे लंडनकडील उतारूही अशाच गाड्यांनी धक्क्यावर आणले गेले होते. तिथली गोदी १८९२ पासून रेल्वे कंपनीच्याच मालकीची असल्यामुळे रूळ नेमके कुठपर्यंत न्यायचे यावर दोन कार्यालयांत पत्रव्यवहार करण्याची वेळ येत नसे. दक्षिण भारतातही मद्रासहून धनुष्कोडीला जाणारी ‘बोट मेल’ होती. तिचे उतारू धनुष्कोडीला आगबोटीत चढून पलीकडे सिलोनमधील तलाईमन्नारला उतरत, आणि डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळाने धनुष्कोडीची वाताहत करीपर्यंत ही साखळी चालू होती.

मुंबईत ही सोय होण्यापूर्वी मोठ्या बोटी बंदरात नांगर टाकून उभ्या राहत आणि उतारूंना लहान लाँचमधून अपोलो बंदरावर आणले जाई. पुढे पोर्ट ट्रस्टने अलेक्झांड्रा गोदी (आजची इंदिरा गोदी) खोदायला घेतली, तिच्या खोदकामातून निघालेल्या मातीने शेजारचा समुद्र बुजवून सुमारे बावीस एकर जमीन तयार केली, आणि त्या जमिनीवर वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याप्रमाणे बॅलार्ड इस्टेट ही कचेऱ्यांची वसाहत उभी राहिली. गोदी १९१४ मध्ये खुली झाली आणि पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे १ जानेवारी १९१५ पासून धावू लागली. या रेल्वेचे रूळ वडाळ्याकडून पूर्व किनाऱ्याने खाली येत धक्क्याच्या काठाशी संपत, आणि तिथे जे स्थानक होते त्याचे नाव ‘बॅलार्ड पिअर मोल’. ‘मोल’ म्हणजे समुद्रात पुढे काढलेला दगडी बांध. मराठीतल्या मोलाशी त्याचा संबंध नाही, परंतु त्या काळच्या उतारूंना त्याचे मोल कळले असणार यात शंका नाही.

या स्थानकावरून सुटणाऱ्या गाड्यांची नावे आजही रेल्वेप्रेमींच्या तोंडी असतात. विलायतेचे टपाल आणि साहेबलोक घेऊन उत्तरेकडे जाणारी ‘पंजाब लिमिटेड’, जी पुढे पंजाब मेल म्हणून प्रसिद्ध झाली, टपालाच्या ठरलेल्या दिवशी निघे आणि पेशावरपर्यंतचे २,४९६ किलोमीटर सुमारे ४७ तासांत तोडत असे; तिच्या सहा डब्यांपैकी तीन उतारूंचे व तीन टपालाचे असत आणि एकूण जागा अवघ्या ९६ होत्या. १ सप्टेंबर १९२८ रोजी सुरू झालेली ‘फ्रंटियर मेल’ एरवी कुलाब्याहून निघत असली, तरी सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांत, म्हणजे पाऊस ओसरून विलायतेहून येणाऱ्यांची गर्दी होत असे तेव्हा, तिचे पहिले स्थानक बॅलार्ड पिअर हे असे. बोटीतून उतरलेल्या माणसाने कस्टम्सची तपासणी आटोपली की समोर गाडी उभी, आणि मुंबई शहराचा रस्ताही न ओलांडता तो दोन दिवसांनी सरहद्दीवर, अशी ती व्यवस्था होती. ती गोऱ्या अधिकाऱ्यांच्या आणि श्रीमंतांच्या सोयीसाठी होती, तिसऱ्या वर्गाच्या उतारूला तिचा लाभ नव्हता, हे विसरून तिचे गोडवे गाणे बरोबर होणार नाही. तथापि तिच्यामागचा विचार मात्र आजच्या नियोजनकारांनीही पाहावा असा होता, कारण त्यात माणूस आणि सामान यांच्या वाटा जाणीवपूर्वक वेगळ्या केलेल्या होत्या.

त्या काळी लांबच्या प्रवासाला निघालेल्या कुटुंबाजवळ पाच-सहा ट्रंका असणे ही सामान्य गोष्ट होती, आणि त्या सगळ्या खोलीत मावणे शक्य नसल्यामुळे बोट कंपन्या सामानाचे तीन भाग करत व प्रत्येक नगावर त्याप्रमाणे छापील चिठ्ठी चिकटवायला लावत. ‘केबिन’ अशी चिठ्ठी असलेली ट्रंक उतारूच्या खोलीत जाई, आणि ती बिछान्याखाली सरकावी म्हणून तिची उंची मुद्दाम कमी ठेवलेली असे; जुन्या घरांच्या माळ्यांवर अजूनही सापडणारी ती बसकी, पितळी कोपऱ्यांची ‘केबिन ट्रंक’ तीच. ‘प्रवासात हवे’ या अर्थाची चिठ्ठी असलेले सामान बोटीवरच्या सामानखोलीत ठेवले जाई आणि ठरलेल्या दिवशी व वेळी उतारू तिथे जाऊन त्यातले कपडे बदलून आणत, कारण उत्तर युरोपातली थंडी आणि तांबड्या समुद्रातला उकाडा यांसाठी एकच पेटी पुरत नसे. ‘प्रवासात नको’ अशी चिठ्ठी असलेला नग मात्र थेट ‘होल्ड’मध्ये, म्हणजे जहाजाच्या तळाशी असलेल्या कोठारात, जाई आणि मुक्कामाचे बंदर येईपर्यंत त्याचे तोंड दिसत नसे. या चिठ्ठ्या बहुधा घरीच लावल्या जात, त्यामुळे गाडीत चढवतानाच हमालाला कोणता नग कुठे ठेवायचा हे कळे, आणि धक्क्यावर उलगडा करत बसावे लागत नसे. (इंग्रजीतला ‘पॉश’ हा शब्द जाताना डावीकडची व येताना उजवीकडची, म्हणजे सावलीतली, खोली घेणाऱ्या श्रीमंत उतारूंच्या तिकिटांवरील आद्याक्षरांपासून आला, अशी एक लोकप्रिय कथा याच बोटींबद्दल सांगितली जाते, ती ऐकायला छान असली तरी तिला आधार मिळालेला नाही.)

सामान माणसापासून वेगळे करण्याच्या या पद्धतीतला धोका महात्मा गांधींच्या आत्मचरित्रात नोंदलेला आहे. १८८८ मध्ये शिक्षणासाठी इंग्लंडला पोहोचताना त्यांनी इतरांचे पाहून आपले सामान, किल्ल्यांसह, ग्रिंडले कंपनीच्या माणसाच्या हवाली केले आणि अंगावर खास उतरण्यासाठी राखून ठेवलेला पांढरा फ्लॅनेलचा पोशाख चढवला. सप्टेंबरच्या अखेरीस तिथे पांढरे कपडे घातलेले आपण एकटेच आहोत हे त्यांच्या लक्षात आले तेव्हा बदलायला काही जवळ नव्हते, आणि दुसरा दिवस रविवार असल्याने सामान लगेच मिळण्याची आशाही नव्हती. पुढे १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी ‘राजपुताना’ बोटीने जाताना ते मार्सेय बंदरात उतरले आणि फ्रान्स रेल्वेने ओलांडून लंडनला गेले. त्या काळी वेळ वाचवू पाहणारे अनेक उतारू हीच वाट धरत, आणि त्यांचे जड सामान मात्र जिब्राल्टरला वळसा घालून बोटीनेच मागाहून येई.

विमानप्रवास स्वस्त होत गेला तसा हा सगळा डोलारा ओसरला. साउदॅम्प्टनला १९५० मध्ये मोठ्या थाटात उघडलेले, आतच रेल्वेचा फलाट असलेले ओशन टर्मिनल १९८३ मध्ये पाडले गेले. कोचीच्या विलिंग्डन बेटावरचे हार्बर टर्मिनस हे स्थानक प्रवासी गाड्यांविना पडून राहिले. आणि मुंबईच्या पोर्ट ट्रस्टची रेल्वेही बंद झाली. गंमत अशी की समुद्रपर्यटन पुन्हा जोरात आले ते रूळ उखडून झाल्यावर. गोव्यातील मुरगाव बंदर त्यातल्या त्यात सुदैवी, कारण पोर्तुगीजांनी एकोणिसाव्या शतकात रेल्वे आणली तीच बंदरासाठी, त्यामुळे वास्को द गामा स्थानकावर उतरणारा माणूस आजही धक्क्यापासून थोड्याच किलोमीटरांवर असतो.

मुंबईत बॅलार्ड पिअरवर बांधलेल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले असून, एका वेळी पाच जहाजे हाताळण्याची आणि वर्षाला सुमारे दहा लाख प्रवाशांची क्षमता त्याला आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून हे ठिकाण दोन किलोमीटरांच्या आत आहे. बाहेरगावच्या गाड्यांच्या फलाटांकडून पी. डिमेलो रस्त्याच्या बाजूने बाहेर पडून, जनरल पोस्टाच्या मागील भागातून वालचंद हिराचंद मार्गाने बॅलार्ड इस्टेटमध्ये शिरले की गोदीचे ‘ग्रीन गेट’ फार दूर राहत नाही. या मार्गाचे नाव योगायोगाने अगदी नेमके आहे: सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी आपल्या उद्योगाची सुरुवात रेल्वेच्या कंत्राटांपासून केली आणि पुढे सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन ही भारतीय जहाजकंपनी उभी केली, तिची ‘लॉयल्टी’ ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली, आणि तो दिवस देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. रेल्वेकडून जहाजाकडे जाणाऱ्या रस्त्याला याहून शोभणारे नाव मिळाले नसते.

मोकळ्या हाताने हे अंतर चालत पंचवीस मिनिटांत संपते. चाकांच्या दोन बॅगा ओढत मात्र ते संपता संपत नाही, कारण पदपथावरचे पेव्हर ब्लॉक मध्येच उचकटलेले असतात, बॅगेचे चाक नेमके त्या फटीत अडकते, आणि पुढे उभ्या केलेल्या दुचाकींमुळे बॅग उचलून रस्त्यावर उतरावे लागते. डोक्यावर कॅरियर असलेली काळीपिवळी टॅक्सी या टप्प्याला सर्वांत योग्य, मग भाडे जवळचे म्हणून चालकाने तोंड वाकडे केले तरी चालेल. फलाटावरून टॅक्सीपर्यंत सामान नेण्यासाठी लाल सदऱ्याचा, दंडावर पितळी बिल्ला असलेला परवानाधारक हमाल घ्यावा, आणि दर आधी ठरवावा. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी ‘कुली’ऐवजी ‘सहायक’ हा शब्द आणला, पण मराठी माणूस हाक मारतो ती हमाल म्हणूनच. दादर, कुर्ल्याचे लोकमान्य टिळक टर्मिनस किंवा वांद्रे येथे उतरणाऱ्यांनी पुढचा प्रवास लोकलने करण्याचा मोह सकाळच्या गर्दीत आवरावा. ऐन गर्दीच्या वेळी मोठी बॅग घेऊन डब्यात शिरणे म्हणजे स्वतःसह डझनभर लोकांची सकाळ बिघडवणे आहे.

गाडी निवडताना ध्यानात ठेवायची गोष्ट अशी की जुनी बोट ट्रेन उशिरा आली तर धक्क्यावरच्या लोकांना ते कळत असे आणि ती येईपर्यंत बोट थांबण्याची आशा असे. आज मात्र रेल्वेचे तिकीट आणि जहाजाचे तिकीट हे दोन स्वतंत्र करार आहेत व एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. गाडी तीन तासांहून अधिक उशिरा सुटणार असेल आणि उतारूने प्रवासच केला नाही, तर नियमानुसार रेल्वे तिकिटाचे पूर्ण पैसे परत देते, पण हुकलेल्या जहाजाशी तिचा संबंध राहत नाही. जहाजकंपन्या प्रत्येक प्रवाशाला येण्याची वेळ नेमून देतात आणि सुटण्याच्या तास-दीड तास आधी चढणे बंद करतात, कारण प्रवाशांची अंतिम यादी तोवर अधिकाऱ्यांकडे जावी लागते. दुपारी सुटणाऱ्या जहाजासाठी पुण्याहून सकाळची डेक्कन क्वीन बहुतेक दिवशी पुरेशी असते. पण घाटात अडचण आली किंवा रविवारच्या मेगा ब्लॉकने गाड्या रखडल्या की हिशेब कोलमडतो. सोलापूरची सिद्धेश्वर, कोल्हापूरची महालक्ष्मी, नागपूरची विदर्भ किंवा मराठवाड्यातून येणारी देवगिरी अशा रात्रीच्या गाड्यांनी सकाळी मुंबईत पोहोचणे त्याहून बरे, आणि आदल्या दिवशी येऊन मुक्काम करणे सर्वांत निर्धास्त. हजला जहाजाने जाणारे यात्रेकरू, ज्यांची सोय १९९५ पर्यंत मुंबईहून होती, बोटीच्या आधीच मुंबईत येऊन दाखल होत आणि क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यासारख्या ठिकाणी उतरत, ते याच हिशेबाने.

सामानाकडे पाहण्याची रेल्वेची आणि जहाजाची दृष्टी मुळातच वेगळी आहे. रेल्वे वजन मोजते: वातानुकूलित प्रथम वर्गात ७० किलो, टू-टियरमध्ये ५०, थ्री-टियर व स्लीपरमध्ये ४० आणि द्वितीय वर्गात ३५ किलो सामान मोफत नेता येते, आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांना त्याच्या निम्मे. पैसे भरून डब्यात जास्तीचे नेण्यालाही मर्यादा आहे. थ्री-टियरमध्ये तर मोफत मर्यादा आणि कमाल मर्यादा दोन्ही ४० किलोच, म्हणजे त्यापुढचे सामान नोंदवून ब्रेक व्हॅनमधून, अर्थात गाडीला जोडलेल्या सामानाच्या डब्यातून, पाठवण्यावाचून इलाज नाही. आकारही ठरलेला आहे: बॅग १०० × ६० × २५ सेंटिमीटरच्या आत असावी, आणि थ्री-टियर व चेअर कारसाठी ५५ × ४५ × २२.५ सेंटिमीटरच्या आत. ही उंची नीट पाहिली तर केबिन ट्रंकेचेच तत्त्व इथे दिसते, कारण नग शेवटी बर्थखालीच जायचा असतो. नोंदवलेल्या सामानाची पावती मिळते. परंतु स्वतःजवळ ठेवलेले सामान हरवले तर रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १०० प्रमाणे रेल्वेच्या कर्मचाऱ्यांचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय भरपाई मिळत नाही, म्हणून बर्थखालची कडी आणि साखळी-कुलूप यांना पर्याय नाही.

जहाजाला वजनाची फारशी फिकीर नसते. त्याला भीती असते ती आगीची. इस्त्री, विजेची किटली, मेणबत्ती, उदबत्ती, साधा एक्स्टेन्शन बोर्डसुद्धा तपासणीत काढून घेतला जातो आणि परतीच्या वेळी दिला जातो. घरी शिजवलेले अन्नही बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचे लोणचे यांच्याशिवाय गाडीत पाऊल न ठेवणाऱ्या कुटुंबाने त्यामुळे डबा कल्याण येण्यापूर्वी रिकामा करावा हे उत्तम, नाही तर तो ग्रीन गेटबाहेर उभ्याने संपवण्याचा प्रसंग येतो.

धक्क्यावर पोहोचल्यावर जुनी पद्धत थोड्या वेगळ्या रूपात पुन्हा भेटते. कंपनीने पाठवलेला, प्रवाशाचे नाव आणि खोलीचा क्रमांक असलेला कागदी टॅग घरीच छापून, चार घड्या घालून, मुठीभोवती गुंडाळून स्टेपल केलेला असावा, आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी लावलेली असावी. गाडीतल्या ओढाताणीत तो फाटू नये म्हणून तो मुंबईत उतरल्यावर लावणे श्रेयस्कर. टॅग लावलेल्या मोठ्या बॅगा टर्मिनलवर जमा केल्या की त्या क्ष-किरण तपासणीतून परस्पर जहाजावर जातात आणि खोलीच्या दाराशी येऊन पडतात, पण कधी दोन तासांनी तर कधी जहाज सुटल्यानंतर. तोवर हातात राहते ती लहान पिशवीच, आणि तिच्यात पारपत्र किंवा ओळखपत्र, औषधे, चष्मा, एक कपड्यांचा जोड आणि किल्ल्या असाव्यात.

परतीच्या आदल्या रात्री हाच क्रम उलटा चालतो: मोठ्या बॅगा, जहाजावर मिळालेले नवे रंगीत टॅग लावून, मध्यरात्रीपूर्वी खोलीबाहेर ठेवायच्या, आणि सकाळी त्या टर्मिनलमध्ये रंगांनुसार मांडलेल्या सापडतात. कोणत्या रंगाला कधी उतरवणार हे जहाज ठरवते, म्हणून परतीच्या गाडीचे आरक्षण दुपारनंतरचे असावे, आणि मधल्या वेळेत सामान ठेवण्यासाठी स्थानकावर क्लोक रूम आहे. तिथे प्रवासाचे तिकीट दाखवावे लागते आणि कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत. बॅगा बाहेर ठेवण्यापूर्वी उद्या घालायचे कपडे बाजूला काढले आहेत का, हे मात्र एकदा पाहून घ्यावे, कारण सगळे नीट आवरून रात्रीच्या पायजम्यावर मुंबईत उतरलेले प्रवासी प्रत्येक फेरीत एखाद-दुसरे तरी असतात.